पोलादी मेझनाइनचे डिझाइन : भारांच्या हिशेबापासून बेसप्लेटपर्यंत

पोलादी इमारतींचे डिझाइन शिकू लागलेला विद्यार्थी सुरुवातीला पोलादाच्या ताकदीचाच विचार करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या ई२५० प्रतीच्या पोलादाचा एक चौरस मिलिमीटर छेद २५० न्यूटन, म्हणजे सुमारे २५ किलो वजन, कायमचा न ताणला जाता पेलतो. पण इमारतीतली तुळई किंवा खांब निकामी होतो तो बहुतेक वेळा ही ताकद संपल्यामुळे नव्हे. तो बाजूला कलतो, पिळवटतो किंवा धनुष्यासारखा वाकतो, आणि त्या क्षणी पोलादाची बरीचशी ताकद वापरलीच गेलेली नसते.

हे समजण्यासाठी ३० सेंटिमीटरची पातळ पोलादी फूटपट्टी टेबलावर उभी धरावी आणि वरून तळव्याने हळूहळू दाबावी. थोड्याच जोराने ती मध्यावर फुगते, आणि हात काढला की पुन्हा सरळ होते; म्हणजे पोलादाला काहीच झालेले नसते. आता कोणाला तरी पट्टीचा मध्य दोन बोटांच्या चिमटीत धरायला सांगावे आणि पुन्हा दाबून पाहावे. या वेळी जवळपास चौपट जोर लागतो. पट्टी तीच आणि पोलादही तेच, फरक फक्त त्या चिमटीचा आहे, आणि चिमटीला स्वतःला फारसा जोर लावावा लागत नाही. पोलादी संरचनेचे डिझाइन म्हणजे मोठ्या प्रमाणात अशी चिमटी कुठे आणि कशी द्यायची, याचा विचार आहे. हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे.

उदाहरण म्हणून आपण पुणे परिसरातल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये बांधायचा मधला मजला घेऊ, ज्याला कारखान्यात सगळे मेझनाइन म्हणतात. मजला १२ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे, खाली ४ मीटर उंची मोकळी हवी आहे आणि वर हलकी यंत्रे ठेवून जुळणीचे काम चालणार आहे. पहिल्यांदा डिझाइन करणाऱ्यासाठी हे काम योग्य आकाराचे आहे, कारण त्यात तुळई, खांब, ब्रेसिंग (चौकट झुकू नये म्हणून दिलेले तिरपे सदस्य), जोड आणि बेसप्लेट (खांबाच्या तळाची प्लेट) हे सगळे येते, तरीही संपूर्ण हिशेब हाताने करता येतो. प्रत्यक्ष कामात हा हिशेब परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासून त्यावर सही करणे आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

हाताशी ठेवायची मानके

भारतात पोलादी बांधकामाचे मुख्य मानक आयएस (इंडियन स्टँडर्ड) ८००:२००७ हे आहे. त्याआधीची १९८४ ची आवृत्ती कार्यकारी प्रतिबलाच्या, म्हणजे वर्किंग स्ट्रेसच्या, पद्धतीवर आधारलेली होती. २००७ च्या आवृत्तीने लिमिट स्टेट पद्धत मुख्य केली, मात्र जुनी पद्धतही एका स्वतंत्र विभागात ठेवली. लिमिट स्टेट पद्धतीत भार वाढवून धरायचे, पोलादाची ताकद घटवून धरायची आणि मग दोहोंची तुलना करायची. कायमचा भार (बांधकामाचे स्वतःचे वजन) आणि चलभार (माणसे, यंत्रे, माल) एकत्र असताना दोन्हींना १.५ ने गुणतात, तर पोलादाच्या यील्ड प्रतिबलाला, म्हणजे ज्याच्यापुढे ते कायमचे ताणले जाते त्या मर्यादेला, १.१० ने भागतात. बोल्टसाठी आणि कारखान्यात केलेल्या वेल्डसाठी हा भागाकार १.२५ ने होतो. साइटवर केलेल्या वेल्डसाठी तो १.५ ने होतो. साइटवरचा वेल्डर कारखान्यातल्या वेल्डरइतकाच कुशल असला तरी त्याची जागा अवघड असते, वारा आणि पाऊस असतो, हे मानकाने अशा रीतीने मान्य केले आहे.

भारांसाठी आयएस ८७५ चे पाच भाग, भूकंपासाठी आयएस १८९३, पोलादाच्या प्रतीसाठी आयएस २०६२ आणि तयार छेदांच्या, म्हणजे ठरावीक आकारात मिळणाऱ्या पोलादी तुळया-खांबांच्या, मापांसाठी आयएस ८०८ लागते. आयएस ८०८ ची २०२१ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली असून तिच्यातले काही आकडे जुन्या तक्त्यांपेक्षा थोडे वेगळे आहेत. या लेखात जुन्या, रूढ तक्त्यांतले आकडे घेतले आहेत. काम करताना पुरवठादार जो छेद देणार आहे त्याचेच आकडे घ्यावेत.

पहिली पायरी : आराखडा आणि भाराची वाट

कोणताही छेद निवडण्याआधी एका कागदावर मजल्याचा नकाशा काढावा आणि भार कुठून कुठे जाणार आहे, हे बाणांनी दाखवावे. स्लॅब दुय्यम तुळयांवर बसतो, दुय्यम तुळया मुख्य तुळयांवर, मुख्य तुळया खांबांवर, आणि खांब बेसप्लेटद्वारे पायावर. या साखळीतली एखादी कडी कागदावर दाखवता येत नसेल, तर ती साइटवरही सापडणार नाही.

आपल्या मजल्यासाठी १२ मीटरच्या दिशेने ६ मीटरचे दोन गाळे (आधारांमधली अंतरे) आणि १० मीटरच्या दिशेने ५ मीटरचे दोन गाळे करू. असे नऊ खांब होतात. दुय्यम तुळया ६ मीटर गाळ्याच्या आणि एकमेकींपासून २.५ मीटर अंतरावर ठेवू. म्हणजे एक तुळई थेट खांबांवर टेकते आणि तिच्या शेजारची मुख्य तुळईच्या मध्यावर. मुख्य तुळया ५ मीटर गाळ्याच्या आहेत. हे एकच उत्तर नाही. दुय्यम तुळया जवळ जवळ घेतल्या तर स्लॅब पातळ होतो, पण जोड वाढतात, आणि आपल्याकडे फॅब्रिकेशनचा खर्च जोडांच्या संख्येवर बराच अवलंबून असतो. म्हणून मी नवशिक्याला नेहमी सांगतो, की वजनात थोडी बचत होण्यापेक्षा तुकडे कमी होणे अधिक फायद्याचे ठरते.

दुसरी पायरी : भार

स्लॅब १२५ मिमी जाडीचा धरू. प्रबलित काँक्रीटचे वजन दर घनमीटरला २५ किलोन्यूटन, म्हणून स्लॅबचे ३.१३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. फरशी व इतर थरांसाठी १.०. एकूण कायमचा भार ४.१३ झाला. हलकी यंत्रे असलेल्या कामाच्या जागेसाठी चलभार ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर घेऊ. येथे मालकाशी सविस्तर बोलणे अत्यंत गरजेचे आहे. आज जुळणीची टेबले असलेल्या जागी दोन वर्षांनी लोखंडी पट्ट्यांचे गठ्ठे रचले जातात, आणि तेव्हा कोणीही इंजिनिअरला विचारायला येत नाही. ५ किलोन्यूटन म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. हा आकडा मजल्यावर चढणाऱ्या जिन्याजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, असा आग्रह मी प्रत्येक कामात धरतो.

मेझनाइन शेडच्या आत असल्यामुळे त्यावर वारा थेट येत नाही, पण उघड्यावरच्या इमारतीत तो दुर्लक्षून चालत नाही. मूळ वाऱ्याचा वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरतात. इतर गुणक १ धरले तर दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट न्यूटन प्रति चौरस मीटर येतो, म्हणजे मुंबईत सुमारे १,१६० आणि पुण्यात सुमारे ९१०. पत्र्याच्या हलक्या छतावर हा दाब वरच्या दिशेने ओढ लावतो, म्हणून तेथे कायमचा भार ०.९ पट आणि वारा १.५ पट, हीच स्थिती निर्णायक ठरते. शेडचे छत खाली कोसळण्यापेक्षा उडून जाण्याची भीती अधिक असते, हे त्यावरून लक्षात येईल.

भूकंपाचा हिशेब मात्र मेझनाइनलाही लागतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, आणि महाराष्ट्रात हा विषय पुस्तकी राहिला नाही. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे तिसऱ्या विभागात येते आणि विभाग गुणक ०.१६ आहे. साध्या ब्रेसिंगच्या चौकटीसाठी प्रतिसाद गुणक ४ आणि छोट्या, ताठ संरचनेसाठी प्रवेग गुणक २.५ घेतला, की आडवे बल इमारतीच्या वजनाच्या ५ टक्के येते. चलभार ३ पेक्षा जास्त असल्यामुळे त्याचा निम्मा भाग वजनात मोजायचा. पोलादाचे वजन धरून चौरस मीटरला सुमारे ७.१ किलोन्यूटन, १२० चौरस मीटरचे ८५० किलोन्यूटनच्या आसपास, आणि त्याचे ५ टक्के म्हणजे ४३ किलोन्यूटन. हा आकडा खांबांच्या वेळी लागणार आहे.

तिसरी पायरी : दुय्यम तुळई, आणि काँक्रीट ओतण्याचा दिवस

एका दुय्यम तुळईवर २.५ मीटर रुंदीचा भार येतो. कायमचा भार १०.३ आणि तुळईचे स्वतःचे वजन ०.५ मिळून १०.८, चलभार १२.५, एकूण दर मीटरला २३.३ किलोन्यूटन. १.५ ने गुणल्यावर ३५. साध्या टेकलेल्या तुळईचा बेंडिंग मोमेंट (तिला वाकवणारा परिणाम) भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, म्हणजे १५७.५ किलोन्यूटन-मीटर, आणि टोकाचे शिअर (छेद कापू पाहणारे बल) १०५ किलोन्यूटन.

लागणारे प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) काढण्यासाठी मोमेंटला १.१ ने गुणून २५० ने भागावे. उत्तर ६९३ घन सेंटिमीटर येते. तक्त्यात आयएसएमबी ३०० चे (३०० मिमी उंचीच्या, आय आकाराच्या तुळईचे) मॉड्युलस सुमारे ६५२ आहे, ते अपुरे. आयएसएमबी ३५० चे ८९० आहे आणि त्याची क्षमता २०२ किलोन्यूटन-मीटर भरते. फ्लँजची (तुळईच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची) बाहेर आलेली रुंदी भागिले जाडी ७० भागिले १४.२, म्हणजे ४.९, आणि मर्यादा ९.४ असल्यामुळे हा छेद सर्वांत वरच्या, प्लास्टिक वर्गातला आहे. पूर्ण मॉड्युलस वापरता येते. वेबची (मधल्या उभ्या पट्टीची) शिअर क्षमता सुमारे ३७२ किलोन्यूटन आहे, म्हणजे १०५ चे काहीच ओझे नाही. चलभाराने मध्यावर होणारी लवण (तुळईचे खाली झुकणे) ७.७ मिमी आणि एकूण भाराने १४.४ मिमी. गाळ्याच्या ३६० व्या भागाची मर्यादा १६.७ मिमी आहे. सगळे बसते.

बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात. पण हा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे तुळईचा वरचा, दाबाखालचा फ्लँज स्लॅबने बाजूला सरकण्यापासून पूर्ण धरून ठेवला आहे. स्लॅब घट्ट झाल्यावर हे खरे असते. ज्या दिवशी काँक्रीट ओतले जाते त्या दिवशी मात्र स्लॅब म्हणजे फक्त ओले वजन. तो कोणालाच धरत नाही.

आता ६ मीटर लांबीत कुठेही न धरलेल्या आयएसएमबी ३५० ची क्षमता काढू. आडव्या अक्षाभोवती हा छेद भक्कम असला तरी उभ्या अक्षाभोवती त्याची परिभ्रमण त्रिज्या (छेद अक्षापासून किती पसरला आहे याचे माप) केवळ २८.४ मिमी आहे, म्हणून लांबी भागिले त्रिज्या २११ येते. आयएस ८०० च्या सूत्रानुसार पिळवटून कलण्याचे क्रांतिक प्रतिबल सुमारे १०५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि त्यावरून डिझाइनचे प्रतिबल सुमारे ८१ मिळते. क्षमता २०२ वरून ७२ किलोन्यूटन-मीटरवर उतरते. त्या दिवशीचा भार पाहू. ओला स्लॅब आणि तुळई मिळून ८.३, त्यावर माणसे, ढकलगाड्या आणि एका जागी साचलेले काँक्रीट यांसाठी चौरस मीटरला १.५ धरले तर ३.७५, एकूण १२.१, आणि १.५ पट केल्यावर मोमेंट सुमारे ८१ किलोन्यूटन-मीटर. म्हणजे पुढे कित्येक वर्षे निर्धास्त उभी राहणारी तुळई पहिल्याच दिवशी अपुरी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे डोळ्यांनी पाहिले. सेंट्रिंगच्या प्लेटा तुळयांच्या खालच्या फ्लँजवर टेकवल्या होत्या, खालून एकही टेकू नव्हता, आणि अर्धे काँक्रीट ओतून झाल्यावर एका तुळईचा वरचा फ्लँज मध्यावर बोटभर बाजूला गेलेला दिसला. दोरी धरली तेव्हा खात्री पटली. काम थांबवून खालून टेकू लावले, कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून तुळईचा हिशेब मी दोनदा करतो, एकदा वापराच्या दिवसासाठी आणि एकदा ओतकामाच्या दिवसासाठी.

उपाय महाग नाही. दोन दुय्यम तुळयांमध्ये मध्यावर वरच्या फ्लँजजवळ एक अँगल (एल आकाराचा पोलादी तुकडा) बोल्टने जोडला आणि तो शेवटी एखाद्या ताठ चौकटीला नेऊन बांधला, की न धरलेली लांबी ३ मीटर होते आणि क्षमता सुमारे १४० किलोन्यूटन-मीटरवर जाते. सगळ्या तुळया फक्त एकमेकींना बांधून चालत नाही, कारण मग त्या सगळ्या मिळून एकाच बाजूला कलतात. पन्हळी डेक शीट वापरली आणि ती वरच्या फ्लँजला पक्की बसवली, तर ती शीटच हे काम करते. खालून जमिनीपर्यंत टेकू दिले तर ओला भार तुळईवर येतच नाही. तिन्हींपैकी कोणता मार्ग घेतला आहे, हे ड्रॉइंगवर लिहिलेच पाहिजे, कारण साइटवरचा मुकादम हिशेबाची वही उघडून पाहत नाही.

चौथी पायरी : मुख्य तुळई

मुख्य तुळईच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या दुय्यम तुळया येतात, म्हणून २१० किलोन्यूटनचा एकवटलेला भार. त्याचा मोमेंट २६२.५ आणि स्वतःच्या वजनाचा ३.३, एकूण २६६ किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी ४०० ची पूर्ण धरलेली क्षमता २६७ आहे. एवढ्या काठावर मी जाणार नाही, आणि शिवाय ती पूर्ण धरलेली नाहीच. दुय्यम तुळई तिला मध्यावर धरते, त्यामुळे मोकळी लांबी २.५ मीटर. आयएसएमबी ४५० घेतली तर या लांबीसाठी क्षमता २७६ येते. मोमेंट टोकांकडे शून्य होत जातो, त्याचा फायदा आपण धरलेला नाही, म्हणून प्रत्यक्षात हात थोडा सैल आहे. लवण चलभाराने ३ मिमीच्या आसपास आहे. कडेच्या मुख्य तुळयांवर निम्माच भार येतो, तेथे लहान छेद चालेल.

पाचवी पायरी : खांब आणि ब्रेसिंग

मधल्या खांबावर चारही बाजूंनी तुळया येतात आणि एकूण ४२६ किलोन्यूटन भार पडतो. आयएसएचबी २०० (२०० मिमी उंचीचा, रुंद फ्लँजचा) हा छेद तपासू. क्षेत्रफळ ४,७५४ चौरस मिमी, कमकुवत अक्षाची त्रिज्या ४५.१ मिमी. खांबाची दोन्ही टोके जागेवर धरलेली आहेत पण फिरायला मोकळी आहेत, असे मानले तर परिणामी लांबी (वाकण्याच्या हिशेबात धरायची लांबी) ४ मीटर आणि स्लेंडरनेस (ही लांबी भागिले त्रिज्या) ८९. या छेदाला कमकुवत अक्षासाठी ‘क’ क्रमांकाचा बकलिंग (दाबाखाली धनुष्यासारखे वाकणे) वक्र लागू होतो. डिझाइन प्रतिबल सुमारे १२३ आणि क्षमता ५८४ किलोन्यूटन. पुरेशी आहे.

‘जागेवर धरलेली’ हे शब्द नीट वाचायला हवेत. वरचे टोक कोण धरते? नुसत्या तुळया धरत नाहीत, कारण त्या टोकांना साध्या जोडल्या आहेत आणि संपूर्ण मजला पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला झुकू शकतो. तुळयांचे जोड ताठ केले तरी ब्रेसिंगशिवाय खांबाची परिणामी लांबी दुपटीच्या घरात जाते. ८ मीटर धरून पुन्हा हिशेब केला तर स्लेंडरनेस १७७ आणि क्षमता फक्त २१३ किलोन्यूटन राहते; म्हणजे आपल्या ४२६ च्या बरोबर निम्मी. एका दिशेला दोन जागी, दोन्ही दिशांना मिळून चार जागी फुलीचे ब्रेसिंग दिले, की हेच खांब पुन्हा ५८४ चे होतात. त्यासाठी लागणारे पोलाद एकूण वजनाच्या मानाने किरकोळ असते. १९०७ साली कॅनडात क्वेबेकचा पूल बांधला जात असताना कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा दाबाखालचे प्रचंड सदस्य त्यांना एकत्र धरणाऱ्या किरकोळ जाळीच्या अशक्तपणामुळे निकामी झाले होते. आकार कितीही मोठा असो, धरणारे अंग लहान आहे म्हणून त्याचा हिशेब सोडायचा नसतो.

ब्रेसिंगचा हिशेब आता सोपा आहे. ४३ किलोन्यूटनला १.५ ने गुणून ६४. दोन चौकटींत वाटून प्रत्येकी ३२. पाच मीटर रुंद आणि चार मीटर उंच गाळ्यात कर्ण ६.४ मीटरचा, त्यातले बल सुमारे ४१ किलोन्यूटन. अँगलला हा ताण काहीच नाही. प्रश्न सडपातळपणाचा आहे. फक्त ताणाखालच्या सदस्यासाठी मर्यादा ४०० आहे. फुलीच्या मध्यावर दोन्ही कर्ण एकमेकांना जोडले की मोकळी लांबी ३.२ मीटर होते, आणि ६५ × ६५ × ६ चा अँगल सुमारे २५४ वर बसतो. भूकंपासाठी आयएस ८०० च्या बाराव्या विभागातले अधिक कडक नियम तपासावेतच. मालकाला ब्रेसिंगमुळे वाट अडते असे वाटते आणि इमारत ताब्यात आल्यावर तो एखादी फुली कापून टाकतो, हा अनुभव मला अनेकदा आला आहे. म्हणून ब्रेसिंगची जागा मालकाला सोबत घेऊन, फोर्कलिफ्टचा मार्ग खडूने आखून ठरवावी.

कडेच्या खांबांचा वेगळा हिशेब करावा. त्यांच्यावर भार कमी असतो, पण तो एकाच बाजूने येतो. साध्या जोडातून येणारा भार खांबाच्या पृष्ठभागापासून किमान १०० मिमी बाहेर लागतो असे मानून, आयएस ८०० प्रमाणे त्याचा मोमेंट धरावा लागतो.

सहावी पायरी : जोड

पोलादी कामात छेद तक्त्यातून मिळतात, जोड मात्र स्वतः घडवावे लागतात, आणि इंजिनिअरची कसोटी तेथे लागते. दुय्यम तुळई मुख्य तुळईच्या वेबला फिन प्लेटने जोडू, म्हणजे मुख्य तुळईला वेल्ड केलेल्या एका उभ्या ८ मिमी पट्टीला दुय्यम तुळईचा वेब बोल्टने बसवायचा. भार १०५ किलोन्यूटन. ४.६ प्रतीच्या २० मिमी बोल्टची एका प्रतलातली शिअर क्षमता, आटे कापल्या जाणाऱ्या प्रतलात आहेत असे धरून, ४५ किलोन्यूटन. भागाकार केला की २.३ येतो, म्हणून तीन बोल्ट पुरेत असे वाटते.

पण बोल्टांची रांग वेल्डपासून ६० मिमी अंतरावर आहे. तेथे १०५ गुणिले ०.०६, म्हणजे ६.३ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट तयार होतो. ७० मिमी अंतराने तीन बोल्ट असतील तर टोकाच्या बोल्टवर खाली ३५ आणि आडवे ४५, मिळून ५७ किलोन्यूटन येतात, बोल्ट अपुरा. ६० मिमी अंतराने चार बोल्ट घेतले तर टोकाच्या बोल्टवर २६ आणि ३१.५, मिळून ४१, हे बसते. बोल्टच्या भोकाजवळ प्लेट चुरडण्याची क्षमता सुमारे ७८ आहे, ती निर्णायक नाही. भोक २२ मिमीचे, कडेपासून अंतर ४० मिमी, कारण हाताने कापलेल्या कडेसाठी भोकाच्या १.७ पट, म्हणजे ३७.४ मिमी, किमान लागते. प्लेटची उंची २६० मिमी होते आणि दोन्ही बाजूंच्या ६ मिमी फिलेट वेल्डवर दर मिलिमीटरला सुमारे ३४५ न्यूटन येतात. साइटवरच्या वेल्डची क्षमताही ६६० च्या वर आहे, तेव्हा वेल्ड निवांत आहे.

साइटवर भोके न जुळणे ही नेहमीची अडचण, आणि त्यावर गॅसकटरने भोक वाढवणे हा नेहमीचा वाईट उपाय. अशा भोकात बोट फिरवले तर कड दातेरी लागते, खाली मळीचे थेंब चिकटलेले असतात आणि बोल्ट एका बाजूलाच टेकतो. चार बोल्टांपैकी मग दोनच काम करतात. भोक जुळत नसेल तर रीमरने (भोक साफ कापणाऱ्या हत्याराने) साफ करावे किंवा नवी प्लेट लावावी, हे करारातच लिहावे. बोल्टच्या डोक्यावर उठावात कोरलेला आकडाही स्वतः पाहावा. ८.८ मागवले आणि पिशवीत ४.६ निघाले, तर बोल्टची ताकद निम्मी असते आणि दुरून दोन्ही सारखेच दिसतात.

सातवी पायरी : बेसप्लेट

एम२० काँक्रीटवर चौरस मिलिमीटरला ९ न्यूटन दाब चालतो, त्यामुळे ४२६ किलोन्यूटनसाठी २२० मिमीची चौरस प्लेटही पुरली असती. पण अँकर बोल्ट खांबाच्या बाहेर बसवायचे आहेत, म्हणून ३५० मिमीची घेऊ. दाब ३.५ येतो, खांबाच्या कडेपासून प्लेट ७५ मिमी बाहेर येते, आणि सूत्राने जाडी १२.३ मिमी लागते. १६ मिमी द्यावी. प्लेटखालचा न आकुंचणारा ग्राउट (पोकळी भरणारे मिश्रण) पूर्ण भरला आहे ना, हे प्लेटवर हातोडीने हलके ठोकून ऐकावे. पोकळ आवाज आला तर ग्राउट पुन्हा भरून घ्यावा.

ड्रॉइंग, रंग आणि आग

सर्व गाळ्यांत हेच छेद वापरले तर दुय्यम तुळया सुमारे ३.१ टन, मुख्य तुळया २.२, खांब १.३, आणि जोड व ब्रेसिंगसाठी दहा टक्के धरून एकूण ७.३ टन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६१ किलो होतात. फॅब्रिकेटरचा अंदाज याहून फार वेगळा आला, तर कोणीतरी काहीतरी विसरले आहे असे समजून दोन्ही हिशेब तपासावेत. शॉप ड्रॉइंग (फॅब्रिकेटरने तुकडे बनवण्यासाठी काढलेले नकाशे) मंजूर झाल्याशिवाय कटिंग सुरू होऊ देऊ नये.

पुण्यातल्या शेडच्या आत प्रायमर आणि दोन हात रंग पुरतो. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ काम असेल, तर हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचा विचार सुरुवातीलाच करावा आणि पाणी साचेल असे खोबणीचे जोड टाळावेत. आगीच्या बाबतीत पोलाद जळत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. आयएस ८०० च्या सूत्रानुसार ५५० अंश सेल्सिअसला त्याची यील्ड ताकद साधारण निम्मी राहते. मेझनाइनखाली ज्वलनशील माल राहणार असेल, तर खांबांना तरी अग्निरोधक लेप किंवा आवरण द्यावे.

ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअरने स्वतः खालून आणि वरून एक फेरी मारावी. तुळयांमधले अँगल किंवा डेक शीटचे स्क्रू प्रत्यक्ष बसलेले आहेत ना, फुलीचे ब्रेसिंग तात्पुरते काढलेले नाही ना, प्रत्येक फिन प्लेटवर चारही बोल्ट आहेत आणि घट्ट आहेत ना, हे यादी हातात घेऊन पाहावे. प्रत्येक तुळईच्या वरच्या फ्लँजवर दोरी ताणून तिचा सरळपणा नोंदवावा. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतताना एका माणसाला केवळ त्या दोऱ्या पाहण्याचे काम द्यावे, आणि दोरीपासून फ्लँज ५ मिमी जरी सरकला तरी ओतकाम थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा.